लाल कार्डावरच्या तीन ओळी

भाऊजी येणार असल्याची बातमी मोजपट्टीला कारखान्याच्या जेवणघरात, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी कळली. ती सांगितली प्रमुखबाईंनी. हातात स्वतःचं ताट घेऊन त्या त्याच्यासमोर बसल्या.

"तुझ्या जुन्या कंपनीशी आपली भागीदारी ठरतेय," त्या म्हणाल्या. "नवा विभाग दोघांचा मिळून असेल. त्याचा प्रमुख म्हणून त्यांनी एक माणूस सुचवलाय. तीन आठवडे इथं काम करील, मग मी ठरवीन. त्याला आपल्या पद्धती समजावून सांगायला तू."

मग त्यांनी नाव सांगितलं. मोजपट्टीने चमचा खाली ठेवला.

"ओळखतोस?"

"माझ्या बहिणीचा नवरा आहे."

प्रमुखबाई गप्प राहिल्या. त्या देशात कामाच्या ठिकाणी लोक असेच गप्प राहत. सगळे एकमेकांना एकेरी हाक मारत, आणि उत्तर ऐकून झालं तरी थोडा वेळ तोंड उघडत नसत. समोरच्याला आणखी काही सांगायचं असेल तर त्याने सांगावं म्हणून सोडलेली ती जागा असे. अकरा वर्षांत मोजपट्टीला हे चांगलं कळलं होतं. त्याला सांगण्यासारखं पुष्कळ होतं. तो म्हणाला, "चालेल. करतो मी."

मोजपट्टी हे नाव आईने ठेवलेलं. शाळेत असल्यापासून त्याच्या सदऱ्याच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी असे, आणि घरातली कुठलीही वस्तू वाकडी दिसली की तो मोजायला बसे. पुढे तो मायदेशातल्या एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग मोजण्याच्या कामालाच लागला, तेव्हा आई सगळ्यांना सांगायची, "त्याला पगार कसला देता, तो फुकटही मोजत बसेल." त्याच कारखान्यात ताईचे यजमान वरच्या जागेवर होते. घरी भाऊजी, कारखान्यात साहेब. चुकून कारखान्यात कुणी भाऊजी म्हटलं, तर त्यांचा चेहरा आंबट व्हायचा.

अकरा वर्षांपूर्वी दोघांना मिळून या परदेशी कारखान्यात सहा महिन्यांसाठी पाठवलं होतं. दुसऱ्याच महिन्यात साहेबांनी एका यंत्राचा वेग कुणाला न विचारता वाढवला. नव्वद नग भंगारात गेले.

या कारखान्यात हात धुण्याच्या जागेशेजारी भिंतीवर एक मोठा फळा आहे. दुपारी साडेतीनला पाळी संपली की सगळे तिथे उभे राहतात. ज्याच्या हातून चूक झाली असेल तो लाल कार्डावर तीन ओळी लिहितो: मी काय केलं, केव्हा केलं, आता काय करणार. खाली स्वतःचं नाव लिहून ते मोठ्याने वाचतो आणि फळ्यावर लावतो. दुसऱ्याचं नाव कार्डावर लिहायचं नाही, हा एकच कडक नियम. कार्ड लावणाऱ्याला कुणी बोलत नाही, शिक्षा होत नाही. चूक निस्तरली की कार्ड उतरून खणात जातं.

त्या दिवशी साहेबांनी मोजपट्टीला कॉम्प्रेसरच्या खोलीमागे बोलावलं. "तुझ्या नावानं कार्ड लाव. इथं काय, कुणी काही करत नाही. दोन मिनिटांचं काम आहे. मी लावलं तर बरं दिसत नाही. ताईचं बघ जरा."

आपल्याकडच्या कारखान्यात हे असंच चाले. वरच्याची चूक खालच्याने अंगावर घ्यायची, वरचा पुढे त्याला सांभाळून घेणार. मोजपट्टीने कार्ड लिहिलं, वाचलं, लावलं. संध्याकाळी साहेबांनी त्याची प्रत काढली आणि खाली शेरा मारून मायदेशी पाठवली: 'सदर कामगाराने स्वतःच्या अक्षरात चूक कबूल केली आहे.' इकडे ज्या कागदाला खणात जागा होती, त्याच कागदाला तिकडे लेखी कबुलीजबाब म्हणत. परत गेल्याच्या आठव्या दिवशी मोजपट्टीला कामावरून काढलं. त्याच वर्षी साहेबांना बढती मिळाली.

घरी त्याने खरं कारण सांगितलं नाही. ताईचा संसार होता. नऊ महिने तो घरी बसला. मग याच परदेशी कारखान्यातून पत्र आलं. तेव्हा पाळीप्रमुख असलेल्या, आज प्रमुखबाई झालेल्या बाईंनी लिहिलं होतं की, कार्ड लावणारा माणूस त्यांनी का काढला हे आम्हाला समजत नाही, तुला यायचं असेल तर जागा आहे. तो बायकोला घेऊन आला.

आई त्यानंतर तीन वर्षं होती. आठवड्यातून एकदा फोन व्हायचा. फोन ठेवताना ती दर वेळी म्हणायची, "यंत्राला हात लावायच्या आधी कुणाला तरी विचारत जा हं, बाळा." दर वेळी. तो "हो आई" म्हणायचा. जिने त्याला मोजपट्टी म्हटलं, ती तो धांदरट आहे असं समजून गेली. यापलीकडे मोजपट्टीची भाऊजींविरुद्ध दुसरी तक्रार नव्हती. नोकरी त्याला नंतर याहून चांगली मिळाली होती.

बायकोला त्याने रात्रीची भांडी विसळताना बातमी सांगितली. तिने नळ बंद केला.

"जेवायला बोलवायचंय का त्यांना?"

"बोलवायचंच. पाहुणे आहेत."

"मग मीठ कमी घालते. माझ्या हातात तेवढंच आहे." तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुमच्या हातात किती आहे?"

"मी त्यांना सगळं खरं सांगणार आहे," मोजपट्टी म्हणाला. "एकही गोष्ट लपवणार नाही. नंतर कुणी म्हणायला नको की सांगितलं नव्हतं."

"हे चांगलं लक्षण नाही," बायको म्हणाली आणि नळ पुन्हा सोडला.

चार दिवस बसून त्याने आठ पानं लिहिली. मराठीत, सुवाच्य अक्षरात. पहिल्या पानावर: इथे कुणी कुणाला पाणी आणून देत नाही, कुणी उठून उभं राहत नाही. तिसऱ्यावर: प्रश्न विचारल्यावर माणसं गप्प बसली तर मध्ये बोलू नये, ती विचार करत असतात, किंवा तुमच्यासाठी थांबलेली असतात. पाचव्यावर: यंत्रात कुठलाही बदल करायचा तर तो यंत्राच्या वहीत लिहायचा आणि चालवणाऱ्याची सही घ्यायची. सातवं पान संपूर्ण फळ्यावर आणि लाल कार्डावर. आठव्या पानावर एकच वाक्य: चूक करणाऱ्याला इथे कितीही संधी मिळतात, लपवणाऱ्याला मिळत नाही. त्याखाली एक रेघ आखून लिहिलं होतं: 'वाचले. सही.'

भाऊजी सोमवारी आले. केस पांढरे झाले होते, चाल तीच. विमानतळावर त्यांनी बॅग मोजपट्टीच्या हातात दिली आणि म्हणाले, "जाड झालास की रे. मानवलं तुला हे पाणी."

"हो भाऊजी."

"कारखान्यात साहेब म्हण. नात्याचं घरी."

"तिथं सगळे नावानं हाक मारतात. तुम्हालाही मारतील. पहिल्या पानावर आहे."

"कसलं पान?"

मोजपट्टीने गाडीतच वही दिली. भाऊजींनी ती उलटसुलट करून पाहिली. "मला तू शिकवणार? शाळेचा अभ्यास केल्यासारखी वही काढलीये. अरे, बत्तीस वर्षं माणसं हाकतोय मी. माणूस इथून तिथून सारखाच."

"शेवटच्या पानावर सही लागेल. नियम आहे."

असा नियम नव्हता. पूर्ण तीन आठवड्यांत मोजपट्टी फक्त हे एक खोटं बोलला. भाऊजींनी कटकट नको म्हणून गुडघ्यावर वही ठेवून सही ठोकली. नंतर ती वही त्यांच्या टेबलावर चहाच्या कपाखाली दिसू लागली. दुसऱ्या आठवड्यात तिच्यावर तीन गोल डाग होते, एक जुना, दोन ताजे.

पहिल्या आठवड्यात भाऊजींनी जेवणघरात वेगळं टेबल कुठे आहे असं विचारलं. नाही म्हटल्यावर खिडकीजवळचं एक टेबल त्यांनी स्वतःच वेगळं केलं आणि रोज एकटे जेवले. लोकांना वाटलं, यांना एकटं राहायला आवडतं, म्हणून कुणी त्रास दिला नाही. भाऊजींना वाटलं, धाक बसला. एका बैठकीत प्रमुखबाईंनी विचारलं, "नव्या विभागात माणसं कशी निवडशील?" भाऊजी दहा मिनिटं बोलले. मग सगळे गप्प बसले. ती शांतता भाऊजींना सहन झाली नाही, म्हणून ते आणखी दहा मिनिटं बोलले. बाहेर आल्यावर त्यांनी मोजपट्टीच्या पाठीवर थाप मारली.

"बघितलंस? एकाच्या तोंडातून चकार शब्द नाही. सगळ्यांना पटलं."

"तिसऱ्या पानावर..." मोजपट्टीने सुरुवात केली.

"तुझी पानं तुझ्यापाशी ठेव. ताई विचारत होती तुझ्याबद्दल."

"काय विचारत होती?"

"हेच. राग गेला का म्हणून. मी म्हटलं, अकरा वर्षं झाली, त्याला कसला राग, त्याचं तर भलंच झालं. खरंय ना?"

मोजपट्टी गप्प राहिला. भाऊजींना तेही पटल्यासारखंच वाटलं.

घरी जेवायला आले त्या दिवशी भाऊजींनी दोनदा मीठ मागून घेतलं.

तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मोजपट्टी चौथ्या लेथजवळून जात होता. या यंत्रावर पंपात बसणाऱ्या बुशचं, म्हणजे पोलादी नळकांड्याचं, आतलं भोक कातलं जातं. ते चालवते डावखुरी. साठीला टेकलेली बाई, सत्तावीस वर्षं याच यंत्रावर, सगळी हत्यारं उजवीकडून डावीकडे मांडून घेतलेली. कातणारं पातं दर दोनशे नगांनी बदलायचं असतं, आणि बदलायची वेळ झाली की यंत्रावरचा आकडा लाल होतो. डावखुरी त्या वेळी तेल आणायला गेली होती. मोजपट्टीने आकडा पाहिला. तिथे दोनशेच्या जागी तीनशे होते.

यंत्राची वही उघडून पाहिली. नोंद नव्हती.

पलीकडच्या मार्गिकेत भाऊजी हात मागे बांधून चालले होते. शुक्रवारी ते जेवताना म्हणाले होते, "ही माणसं पाती फुकट घालवतात. आपल्याकडे तीनशे-साडेतीनशे आरामात जातात. शेवटच्या आठवड्यात मी यांना करूनच दाखवतो."

मोजपट्टीला काय होणार ते माहीत होतं. या कारखान्याचं पोलाद वेगळं, कडक. दोनशेनंतर पातं झिजतं आणि भोक लहान होत जातं. तपासणी फक्त पहिल्या आणि शंभराव्या नगाची होते, कारण दोनशेच्या पुढे कुणी कधी गेलंच नव्हतं. त्याने फक्त एक बोट पुढे करायचं होतं आणि आकडा मागे आणायचा होता. किंवा डावखुरीला थांबवून सांगायचं होतं. त्याला आईचा आवाज ऐकू आला, असं काही झालं नाही. त्याने घड्याळात पाहिलं, खिशातून पेन्सिल काढली आणि स्वतःच्या टिपणवहीत वेळ लिहिली: सोमवार, ९.४०. मग तो पुढे निघून गेला.

सोमवारचा दिवस गेला, मंगळवार गेला. मोजपट्टी रोज दोनदा चौथ्या लेथजवळून गेला आणि दोन्ही वेळा डावखुरीने त्याला हसून हात केला.

बुधवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी जोडणी विभागातला माणूस ट्रे घेऊन आला. दांडे बुशमध्ये जात नव्हते. तीननंतर आकडा हाती आला: तीनशे सत्त्याऐंशी नग, भोक दोन ते चार शतांश मिलिमीटरने लहान. सगळे भंगार. डावखुरी यंत्रासमोर उभी राहून तीनशेच्या आकड्याकडे बघत होती. तो तिने लावला नव्हता, पण लावला नसल्याची तिला स्वतःलाच खात्री वाटेना, असा तिचा चेहरा होता.

तीन वाजून पाच मिनिटांनी भाऊजींनी मोजपट्टीला कॉम्प्रेसरच्या खोलीमागे बोलावलं. तीच जागा. भिंतीला रंग नवा दिला होता.

"ऐक," भाऊजी हळू आवाजात म्हणाले. "ते आकड्याचं... परवा मी जरा प्रयोग केला होता. वहीत लिहायचं राहिलं. आता बोंबाबोंब नको. शुक्रवारी माझा निकाल आहे. तू कार्ड लाव तुझ्या नावानं. इथं काय, कुणी काही करत नाही."

"दोन मिनिटांचं काम आहे," मोजपट्टी म्हणाला.

"तेच म्हणतोय मी. आणि ताईचं बघ जरा. ही जागा मिळाली तर ती इकडे येईल, तुम्ही भावंडं पुन्हा एकत्र याल. मी काय स्वतःसाठी करतोय का हे सगळं?"

"लावतो, भाऊजी."

भाऊजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात घामाने ओला होता, सदऱ्याला डाग पडला. "शहाणा आहेस. आईवर गेलास अगदी."

साडेतीनला फळ्यासमोर एक्केचाळीस माणसं होती. भाऊजी पुढच्या रांगेत, प्रमुखबाईंच्या शेजारी उभे राहिले. पहिली पुढे आली डावखुरी. तिचं कार्ड तिच्या हातात हलत होतं.

"मी सोमवारपासून आकडा दोनशेवर आहे का हे पाहिलं नाही. सोमवार, मंगळवार आणि आज, तिन्ही दिवस. यापुढे रोज सकाळी पाहीन."

तिने कार्ड लावलं. मोजपट्टीने मान खाली घातली. मग तो पुढे गेला. त्याच्या हातात दोन कार्डं होती. भाऊजींनी ओठ आवळून, ठीक आहे अशी मान हलवली.

मोजपट्टीने पहिलं वाचलं. "चौथ्या लेथचा आकडा कुणीतरी तीनशेवर नेलेला मी पाहिला, वहीत नोंद नाही हेही पाहिलं, आणि कुणालाही सांगितलं नाही. सोमवारी सकाळी नऊ चाळीसला. ज्याने नेला तो पडावा अशी माझी इच्छा होती, म्हणून मी यापुढे कुणाचाही मार्गदर्शक राहणार नाही."

कार्ड लावून त्याने दुसरं समोर धरलं. "खणात माझं एक जुनं कार्ड आहे, ते खोटं आहे. अकरा वर्षांपूर्वी तिसऱ्या यंत्राचा वेग मी वाढवला नव्हता, वाढवला असं लिहिलं. आता ते कार्ड खणातून काढावं अशी विनंती करणार."

तेही लावलं. मग तो मागे येऊन आपल्या जागी उभा राहिला.

कुणी बोललं नाही. हात धुण्याच्या नळातून पाणी ठिबकत होतं. मोजपट्टीची नजर भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर होती. एक्केचाळीस माणसांत कुणी भाऊजींकडे वळून पाहिलं नाही. सगळी समोर फळ्याकडे बघत होती आणि थांबली होती. फळ्याखालच्या टेबलावर कोरी लाल कार्डं होती, शेजारी पेन. हातभर अंतरावर.

दहा सेकंद. पंधरा. भाऊजींना जे काही सावरता येण्यासारखं होतं, ते या वेळात सावरता येण्यासारखं होतं. ते सगळं तिसऱ्या आणि सातव्या पानावर लिहिलेलं होतं. मोजपट्टीला आयुष्यात पहिल्यांदा घड्याळ हळू चाललंय असं वाटलं, आणि तो ते मनापासून चाखत होता.

बाविसाव्या सेकंदाला भाऊजी बोलू लागले.

"मला वाटतं, थोडा गैरसमज होतोय," ते म्हणाले. "आमचा घरगुती जुना वाद आहे. तो इथं आणायची गरज नव्हती. मुळात यंत्र चालवणाऱ्या बाईंनी लक्ष द्यायला हवं होतं. वयही झालंय. माझ्या विभागात मी अशी..."

"तुझं कार्ड कुठं आहे?" प्रमुखबाईंनी विचारलं. आवाज नेहमीसारखाच.

"माझं? मी इथं प्रमुख म्हणून आलोय."

प्रमुखबाई पुन्हा गप्प राहिल्या. भाऊजी पुन्हा बोलले. तीन मिनिटं, कदाचित चार. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की माणसं एकेक करून हात धुवायला निघून जातायत. शेवटी फळ्यासमोर तिघेच उरले. प्रमुखबाईंनी टेबलावरची कोरी कार्डं एकसारखी करून ठेवली आणि त्याही गेल्या.

भाऊजींनी मोजपट्टीचा दंड धरला. "नीच माणसा. बहिणीच्या घराला काडी लावलीस तू."

"मी माझंच नाव लिहिलंय, भाऊजी," मोजपट्टी म्हणाला. "तुमचं कुठं आहे त्यात? दाखवा ना."

भाऊजींनी दोन्ही कार्डं पुन्हा वाचली. खरंच नव्हतं.

गुरुवारी सकाळी प्रमुखबाईंनी मोजपट्टीला खोलीत बोलावलं. "त्याचा निर्णय झाला. आता तुझा. ती बाई कार्ड लावताना थरथरत होती. तू दोन दिवस तिला बघत होतास."

"हो."

"सहा महिने मापनकक्षात यायचं नाही. माल बांधणीच्या विभागात काम करशील."

"मान्य."

त्याने बाहेर येऊन डावखुरीची माफी मागितली. ती म्हणाली, तुझं कार्ड मी ऐकलंय, पुन्हा सांगू नकोस. पण त्या दिवसापासून तिने त्याला हात केला नाही. तिच्याबद्दल मोजपट्टीला वाईट वाटलं. भाऊजींबद्दल त्याने स्वतःला दोनदा विचारून पाहिलं. नाही वाटलं.

भागीदार कंपनीला सगळ्या कागदांच्या प्रती जात. दोन्ही कार्डांचं मराठी भाषांतर करायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ते मोजपट्टीकडेच आलं. त्याने शब्दाला शब्द ठेवला. वेळ, तारीख, यंत्राचा क्रमांक. सोबत आठ पानांची वही जोडली, चहाच्या डागांसकट, शेवटच्या पानावरच्या सहीसकट. खाली शेरा मारायला जागा होती. ती त्याने कोरी ठेवली.

शनिवारी भाऊजींना विमानतळावर त्यानेच सोडलं. बॅग मोजपट्टीने गाडीतून काढून जमिनीवर ठेवली, भाऊजींच्या हातात दिली नाही.

मंगळवारी जुन्या कंपनीचं पत्र आलं. भाऊजींना चौकशी होईपर्यंत घरी बसवलं होतं. अकरा वर्षांपूर्वीच्या कामगाराची फाइल पुन्हा उघडण्यात येत आहे, असंही शेवटी एक वाक्य होतं. मोजपट्टीने ते वाक्य बायकोला वाचून दाखवलं.

"झालं मनासारखं?" तिने विचारलं.

"बऱ्यापैकी."

"अजून काय राहिलंय?"

राहिलेलं रविवारी सकाळी दहाला आलं. फोन ताईचा होता. अकरा वर्षांत पहिला.

"सूड घेतलास ना शेवटी?" ती म्हणाली. नमस्कार नाही, चौकशी नाही.

"हो."

"दिवसभर भिंतीकडे बघत बसून असतात ते. जेवत नाहीत. तुला समजतंय का काय केलंस ते? आपलं माणूस होतं रे. आई असती तर तिला काय वाटलं असतं?"

मोजपट्टी खिडकीजवळ उभा होता. खालच्या रस्त्यावर एक माणूस गाडी पुसत होता.

"ताई," तो म्हणाला, "आईला मी सांगितलं होतं की मंदी आहे, म्हणून माणसं कमी केली. मग कार्डाची गोष्ट तिला कशी कळली? यंत्राला हात लावायच्या आधी विचारत जा, असं ती का म्हणायची? तो कागद तिला कुणी दाखवला?"

पलीकडून आवाज आला नाही.

पूर्वीचा मोजपट्टी इथे घाईने काहीतरी बोलला असता. जाऊ दे, झालं गेलं. ताईला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून त्याने स्वतःच एखादं कारण पुढे केलं असतं. तो काही बोलला नाही. फोन कानाला धरून त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा सेकंद. वीस. खाली त्या माणसाने फडकं पिळलं. चाळीस. ताईचा श्वास ऐकू येत होता. ती फोन ठेवू शकत होती, पण तिने ठेवला नाही.

एक मिनिट आणि दहा सेकंदांनी ती म्हणाली, "मी. मीच दाखवला."

"केव्हा?"

"तुला काढलं त्याच आठवड्यात. यांनी घरी आणला होता. ती यांना बोल लावत होती... यांनी तुझी चूक म्हटलं, तर तू तसा नाहीस म्हणत होती. मला ते ऐकवेना. म्हणून दाखवला."

"खरं काय झालं होतं, ते तुला तेव्हा माहीत होतं?"

पुन्हा शांतता. ही छोटी होती.

"होतं."

मोजपट्टीने खिशातली पोलादी पट्टी काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवली. दोन ओळी झाल्या होत्या.

"आता काय करणार?" त्याने विचारलं, आणि तो थांबला.